भिंतीवरचे हृद स्नायू

१२ जानेवारी, सोमवार
नववीचे घटक चाचणीचे पेपर तपासले. डोकं फिरलं. निम्म्या पोरांनी लिहिलंय, हृद स्नायूंच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, फाटे नसतात. अरे, त्या अपट्टकी स्नायूंच्या, आतड्यातल्या! हृदयातल्यांना फाटे असतात हे घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलंय. वनस्पती ऊती मात्र बरोबर, कांद्याच्या सालीनं कुणाचं वाकडं केलं नाही. पेंटर सलीमची आस्मा, वर्गात सगळ्यात हुशार, तिचंही तेच. सगळ्यांचे मार्क कापले.

१३ जाने., मंगळ
पोरं म्हणाली, भिंतीवर तसंच आहे. गेले बघायला. दिवाळीच्या सुट्टीत सलीमनं शाळेच्या भिंती रंगवल्या, त्यातली स्नायूंची. खरंच, हृद आणि अपट्टकीच्या नावांची अदलाबदल. दोन महिने रोज तिच्यासमोरून जाते मी.
मुख्याध्यापकांकडं गेले. चहा ढवळत म्हणाले, राहू द्या हो, कोण बघतंय. भिंत वैजनाथआप्पा किराणावाल्यांनी स्वखर्चानं रंगवून दिलीय. वडील हार्टनं गेले म्हणून हृदय पाहिजेच म्हणाले होते. खाली वडिलांचं नाव, स्नायूंपेक्षा मोठं. २६ ला आप्पांचा सत्कार तिथंच, तोवर ब्रश लावायचा नाही म्हणे. मग मीही लेखी तक्रार ठोकली. पेंटरनं हलगर्जीपणा केला. घ्या.

१५ जाने., गुरु
काल संक्रांत. आज मु.अ.नी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले. वर सांगितलं, तुमची तक्रार शेजारच्या दोन शाळांनाही वाचून दाखवली. तिथल्या भिंती सलीमला मिळणार होत्या, आता नाहीत. एवढं होईल असं वाटलं नव्हतं. पण बरंच झालं, खोड मोडली.

१७ जाने., शनि
देवगाव फाट्यावर जीपची वाट बघत होते. सलीम समोरच्या टपरीचा बोर्ड रंगवायलता. तिथंच झाडला त्याला. चार माणसं गोळा झाली. तो गुमान शिडीवरून उतरला, पिशवीतून कागद काढला. माझंच अक्षर. चित्रं मीच काढून दिलेली. हृद स्नायूंच्या नावाखाली निमुळत्या पेशी. दिवाळीला माहेरी जायची गडबड, बाहेर जीपवाला हॉर्न मारायलता, आणि मी...
"मॅडम, मला त्यातलं काय कळतंय? तुमी लिवलं तसं उतरवलं." कागद माझ्याच हातात दिला. "ठेवा तुमच्याकडं. मी कुणाला सांगणार न्हाई. पोरगी तुमच्या वर्गात हाय."
घरी येईस्तोवर त्याचाच राग आला. दोन शिव्या तरी द्यायच्या मेल्यानं.

२१ जाने., बुध
मु.अ.ना सांगायला दोनदा केबिनपर्यंत गेले. दोन्ही वेळा हजेरीपट घेऊन परत आले. ते हसतील आणि वर्षभर हसतील. वीस वर्षं शिकवते म्हणून मिरवते ना मी.

२६ जाने., सोम
झेंडावंदन झालं. आप्पांना शाल, नारळ. मला माईकवर बोलावलं, भिंत समजावून सांगा. मी म्हणाले, हृद स्नायूंचं चित्र चुकलंय. पुढचं तोंडातून निघालंच नाही. आप्पांचा चेहरा पडला, वडिलांच्या नावावर चूक म्हणून. त्यांनी गेटजवळ उभ्या सलीमकडं बघितलं. मग सगळ्या गावानं बघितलं. तो चप्पल घालून निघून गेला. मु.अ. लगेच म्हणाले, पेंटर बदलू. मला विचारलं, मी हो म्हणाले. हो म्हणाले मी! जीभ कशी झडली नाही.

२७ जाने., मंगळ
तिसरा तास नववी. फळ्यावर तिन्ही स्नायू काढले, नावं दोनदा तपासली. कापलेले मार्क परत देते म्हणाले. पोरं खूश. आस्मा उठली.
"मॅडम, ते अब्बांनी चुकवलं का?"
अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, खाली बस. ती बसली नाही. घंटा होईस्तोवर उभीच होती. मी फळा पुसत राहिले.
उद्याही तिसरा तास नववीच.