आग्नेसआजींचा गाळलेला परिच्छेद

प्रिय सुहास,

हॉलंडमधल्या आल्मेरेच्या या सभागृहात आज तुझ्या शोकसभेला आपली मराठी इंजिनिअर मंडळी जमली आहेत. प्रत्येकाची एक जुनी तक्रार आहे: राबायचं आपण, आणि अहवालातली आपली वाक्यं वरच्यांनी कापायची. तुझी बायको म्हणून, तुझ्या वतीने, हीच तक्रार मी कितीदा स्टेजवरून मांडली! आजही भाषणच करायचं होतं. पण तुझं टेबल आवरताना जे सापडलं, त्यानंतर भाषण होईना. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर वाचतेय.

तीन वर्षांपूर्वी इथल्या झुइडास भागातल्या तुझ्या ऑफिसने तुला कॅनडाच्या उत्तरेला पाठवलं, धरणाचे दरवाजे कधी उघडायचे नि कधी लावायचे, याचा सल्ला द्यायला. धरणाच्या वर तळं, तळ्याकाठी तिथल्या मूळच्या रहिवाशांचं, अनिशिनाबे लोकांचं गाव. रस्ता फक्त हिवाळ्यात, पाणी गोठलं की. एरवी छोटं विमान.

तू त्या गावातल्या आग्नेसआजींकडे उतरलास. त्यांच्या नातीने बजावलं, मोठ्यांना काही विचारायचं तर आधी तंबाखू द्यायचा. त्यांनी तो घेतला, की त्या खरं तेच सांगणार आणि ऐकणाऱ्याने ते जपायचं. विडीच्या वासानेही खोकणारा तू, दुकानातून तंबाखूची पुडी घेऊन आलास. आजींनी ती घेतली आणि तुला होडीत बसवलं.

"पाणी शिकवायला हॉलंडहून आलास आणि बसतोस असा, ओंडक्यासारखा?" म्हणाल्या. फोनवर हे सांगताना तुला हसू आवरत नव्हतं.

एकाने लांब काठीने होडी ढकलायची, दुसऱ्याने दोन हलक्या काठ्यांनी तळ्यातच उगवणाऱ्या रानतांदळाच्या लोंब्या होडीत वाकवून झोडायच्या. पाण्यात सांडेल ते पुढच्या वर्षाचं बी, त्याला हात लावायचा नाही. मग लोखंडी कढईत भाजणं, भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडणं. घरापुरता ठेवून उरलेला शहरात विकायचा. मासे, सापळे आणि हा तांदूळ, यावर त्या गावाचा हिवाळा निघतो.

आजींनी तुला मुद्द्याची गोष्ट सांगितली. उन्हाळा सुरू होताना या रोपाची पानं पाण्यावर आडवी पसरलेली असतात. तेव्हा पाणी हातभर जरी चढलं, तरी रोप मुळासकट उपटून वर येतं. टेबलात सापडलेल्या तुझ्या अहवालाच्या मसुद्यात हा परिच्छेद आहे. त्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ आहे आणि समासात तुझं अक्षर: "वगळावे. मोजमाप नाही."

वरच्यांनी नाही, सुहास. तू.

का? इथे राहायचा परवाना कंपनीच्या हातात होता, असं म्हणणार? इथला पासपोर्ट तुला केव्हाच मिळाला होता. खेमेंतेतल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या, नागरिकत्वाच्या समारंभात पहिली टाळी मी वाजवली होती. मोजमाप नव्हतं, तर घ्यायचं होतंस. ज्या बाईने साठ वर्षं त्या तळ्यात होडी घातली, तिचं सांगणं तुला पुरावा वाटला नाही, आणि तरी दर दिवाळीला फोन करून तू तिला तांदळाची खुशाली विचारत होतास. जीभ कशी रेटली?

गेल्या जूनमध्ये तुझ्या अहवालाप्रमाणे दरवाजे लावले. तळं चढलं, रानतांदूळ उपटून वर आला. होड्या काठावरच राहिल्या, आणि आजींची नात शहरात हॉटेलच्या खोल्या साफ करायला गेली. तू गेल्याचं कळल्यावर आजींचा फोन आला.

"फार छान ऐकायचा तुझा नवरा. सगळं लिहून घ्यायचा. मग आमचं पाणी का चढवलं त्यांनी?"

मी "बघते," एवढंच म्हणाले. तुझ्यासाठी इतकी वर्षं बोलले, आणि त्या बाईला एका शब्दात टाळलं. माझी ही गत तू केलीस.

मसुदा टाइप करणाऱ्या, ऑफिसातला तुझा सहकारी असलेल्या मिलिंदला मी काल तो कागद दाखवला. "वहिनी, आता कशाला? माणूस गेला," म्हणाला.

माणूस गेला. अहवाल अजून कामावर आहे. या जूनमध्ये दरवाजे पुन्हा त्याच अहवालावर लागणार आहेत.

मसुद्याची प्रत मी आजींना पाठवली आहे. त्या गावकऱ्यांसह धरणाच्या पाण्याबद्दलच्या सुनावणीत उभ्या राहतील. कोणीही विचारलं, तरी मी तुझं नाव झाकणार नाही, हा तुला माझा शब्द. पण एका विधवेच्या हातातला कागद खरा कशावरून, असं तिथे विचारतील.

मिलिंद, अहवालावर सुहासच्या खाली तुझी सही आहे. हा परिच्छेद मूळ मसुद्यात होता, एवढं एक वाक्य लिही आणि इथे, सगळ्यांसमोर, त्याखाली सही कर.

तुझीच,
वृंदा