निखिल बाबांचं घेत नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज निखिलवर भयंकर चिडले. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं?

उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगणारा ह्यांचा छोटा प्रोग्रॅम आहे. रोज सकाळी त्यात काहीतरी सुधारतात आणि पाठवतात. तो निखिलच्या मोठ्या ॲपच्या आत बसवलाय. आज ॲप उघडून पाहिलं, तर ह्यांचं आतलं सगळं गेल्या दिवाळीचंच! लगेच फोन लावला.

"बाबा राबतात आणि तू ढुंकून बघत नाहीस?"

"आई, ओरडू नकोस. आतलं बदललं तरी बाहेरचं आपोआप बदलत नाही. आतली कुठली आवृत्ती घ्यायची ते मी ठरवतो. हल्ली बाबांचं चुकतं गं. परवा त्यांच्या प्रोग्रॅमनं उसाला आठवड्यातून तीनदा पाणी द्यायला सांगितलं, इतकं लागतच नाही. शेतकरी ते बघून मोटार चालू करतात. म्हणून दिवाळीच्या आवृत्तीवर थांबलोय. त्यांना सांगू नकोस."

ह्यांचं चुकतं, आणि एका घरात राहून मला कळलं नाही? आणि आता रोज तोंडावर खोटं बोलायचं? शाळेत नन्सनी खरं बोलायला शिकवलेलं ह्या वयात विसरायचं?

नाही जमलं. चहा देताना सांगून टाकलं, "अहो, निखिल तुमचं घेत नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले. "दिवाळीपासून. माझ्या कुठल्या आवृत्तीवर थांबलाय ते मला ॲपमध्ये दिसतं ना. बरोबर करतोय तो."

"मग रोज पाठवता कशाला?"

"पाठवलं की फोन येतो त्याचा. 'बाबा, आज काय बदललंत?' चांगली वीस मिनिटं बोलतो."

उद्या सकाळी कॉम्प्युटर मीच चालू करून देणार आहे.