खिशातली खुळखुळ

प्रिय दादा,

तुला जाऊन वर्ष झालं, तरी टोमॅटोच्या रोपांवर पुन्हा मोझॅक रोग आला, पानांवर पिवळे चट्टे. तू विडी ओढून रोपांना हात लावायचास, तेव्हा यायचा तस्साच. "दादाच फिरतात रोपांतून," माळी कुजबुजला. माझे कान तिखट. मलाही नर्सरीत मागून तुझी काडेपेटी खुळखुळताना ऐकू यायची. थांबलो की गप्प.

मागच्या आठवड्यात वहिनी हसल्या. "भावोजी, ती तुमच्याच खिशात आहे की."

थंडीचा मी तुझा कोट घालतो ना! खिशात तंबाखूचा चुरा होता; त्यातला रोग माझ्याच हातांनी पसरला. रोपं उपटून जाळली. "आता कोटही जाळा," वहिनी म्हणाल्या. तुझीच काडेपेटी काढली, पण काडी ओढवेना. पेटी परत खिशात ठेवली.

आता रोपांजवळ कोट नेत नाही. संध्याकाळी तो घालून अंगणात उगाच फेऱ्या मारतो. थांबत मात्र नाही.

तुझा,
धाकटा