कॉर्सिकाच्या घाटातला बटाट्याचा कीस

प्रिय आमोद,

आम्ही सुखरूप पोहोचलो, झोपेची घडी बसली, कोथरूडच्या घरातली जळमटंही काढून झाली. विमानतळावर तू विचारलं होतंस, की इथला फ्लॅट विकून आई-बाबा कायमचे फ्रान्सला तुझ्याकडे येणार का. त्याचं उत्तर मी पंधरा दिवस टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. आज देते. पण माझ्या पद्धतीने, म्हणजे आधी बाकीचं सगळं सांगून.

कॉर्सिका बेट सुंदर आहे, त्यात वाद नाही. तुझ्या त्या कॅम्परव्हॅनबद्दल मात्र मी काही बोलत नाही. दहा दिवस चार माणसं आणि एक शेगडी! एकाने उठायचं तर तिघांनी पाय वर घ्यायचे. बाबांनी प्रत्येक घाटात मागे बसून, नसलेले ब्रेक इतक्या जोराने दाबले की त्यांचा उजवा गुडघा अजून दुखतो आहे.

किसाचं प्रकरण माझं, कबूल. एवढं खणखणीत ऊन आणि गाडीच्या टपावर काहीच वाळत नाही, हे मला बघवेना. तू आणि नम्रता नदीवर पोहायला गेलात, तेवढ्यात मी तीन किलो बटाटे किसून वाफवले. बाबा मागच्या शिडीने टपावर चढले आणि माझी जुनी नारिंगी साडी चिमटे लावून पसरून, त्यावर कीस घालून आले. किसणी पुण्याहून का आणली, हे तू नंतर तीनदा विचारलंस. अरे, तिथे मिळाली नसती तर? जेवून निघालो तेव्हा मी सगळं साफ विसरले आणि तू गाडी काढलीस.

तिसऱ्या वळणावर साडी सुटली. मागच्या सायकलवाल्यांच्या हेल्मेटवर कीस, रस्त्यावर कीस, आणि तो खायला त्या डोंगरातली मोकाट डुकरं सहकुटुंब हजर! दोन्हीकडे गाड्या तुंबल्या. बाबा उतरून ‘अहो, आपण जरा थांबा’ असं शुद्ध मराठीत सांगत होते आणि लोक चक्क थांबत होते. एका सायकलवाल्याने साडी घडी घालून आणून दिली. तुझी बायको पायरीवर बसून, हसता हसता ओला कीस खात होती. तू मात्र लालबुंद. ‘आई, इथे असं चालत नाही,’ म्हणालास. ते मला लागलं नाही, खरंच.

लागलं ते वेगळंच. शेवटच्या दिवशी घाट उतरताना तू नम्रताला म्हणालास, ‘चल, आता घरी जाऊ.’ मी पटकन पर्समध्ये कोथरूडच्या किल्ल्या चाचपल्या. मग कळलं, तू तुमच्या घराबद्दल बोलत होतास. किती सहज म्हणालास रे! वाईट वाटलं, लपवत नाही. नंतर बरंही वाटलं. तुझं घर तिथे झालं, आमचं इथे आहे. दरवर्षी राहायला येऊ, पण कायमचे नाही. बाबांचंही हेच मत आहे, तुझ्यासमोर बोलायचा धीर तेवढा नाही. आणि हे फोनवर का नाही सांगितलं? तू ‘आई, ऐक ना’ म्हणाला असतास, आणि मी ऐकलं असतं.

तुझीच,
आई