चार्जरवर न बसणारी बॅटरी

प्रिय लाइल,

गेल्या मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात एक लाल बॅटरी सापडली, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन केला असता, पण फोनवर तू "हं", "बरं", "बघू" एवढ्यावर सुटतोस, आणि मला या वेळी शेवटपर्यंत ऐकणारा माणूस हवा आहे. पत्र तू अर्धवट टाकणार नाहीस. तुझा स्वभाव संशयी आहे आणि माझाही.

थंडी पडली की ड्रिलच्या बॅटऱ्या ट्रकमध्ये ठेवून चालत नाही, हे तुला काय सांगायचं! गारठलेली बॅटरी चार्ज होत नाही. म्हणून ऑक्टोबर लागला की तुझा भाऊ ड्वेन संध्याकाळी सगळ्या बॅटऱ्या दुधाच्या क्रेटमध्ये घालून घरात आणतो आणि मी भांडी उरकली की त्या चार्जरवर चढवते. मंगळवारी त्यातली एक बसेना. मी दाबली, फिरवली, पुन्हा दाबली. मग चष्मा लावला. आमच्या सगळ्या पिवळ्या, आणि ही लाल.

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर चुकून आली असेल म्हणून विषय संपला असता. आपल्याकडे नाही संपत. हॅल्व्हरसनच्या घराबाहेरच्या लाकडी डेकची फळी तू भिंतीला नुसत्या खिळ्यांवर ठोकली होतीस, जाड स्क्रू न घालता, आणि ड्वेननं ती मालकासमोर पहारीनं उपटून काढली. तेव्हा तू म्हणालास, "आजपासून तुझ्या घरची बॅटरीसुद्धा मला लागता कामा नये." आमच्या गॅरेजमध्ये हत्यारांची वाटणी मीच केली. करवती तू नेल्यास, शिड्या आम्ही ठेवल्या. पण तुझ्या वाटणीची पिवळी ड्रिलं तू जमिनीवर तशीच टाकून गेलास आणि दुसऱ्या दिवशी लाल संच घेतलास. पिवळी बॅटरी लाल यंत्रात जात नाही, लाल पिवळ्यात जात नाही. सगळ्या गावाला लांबून दिसेल असं भांडण तू रंगवून ठेवलंस. त्यामुळे नवऱ्याच्या खिशात परका रुमाल सापडल्यावर एखाद्या बाईला जे वाटेल, तेच मला ओट्यापाशी उभं राहून वाटलं.

मी काही विचारलं नाही. बॅटरी पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली आणि बघत राहिले. सकाळी ड्वेननं क्रेट उपसलं, ट्रकच्या सीटखाली हात घालून चाचपलं, गॅरेजमध्ये दोन चकरा मारल्या. मी विचारलं, "काही हरवलंय का?" म्हणाला, "छे." हरवलेल्या वस्तूचं नावही जो काढत नाही, त्याची ती वस्तू नसते. एवढं मला वर्गातल्या पोरांनीच शिकवलं आहे.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. कॉफीचा मग तो डाव्या हातात धरायला लागला होता. शनिवारी सौनाची वाफेची खोली तापवायला लाकडं फोडली नाहीत. म्हणाला, ओली आहेत. मी हात लावून पाहिली, खडखडीत वाळलेली होती. घरातही हातमोजे. उजव्या हाताला काय झालं विचारलं तर म्हणे तळ्यातल्या धक्क्यावर पाय घसरला. लाइल, आमचा धक्का बर्फ धरायच्या आधी ओढून काढून गवतावर ठेवला होता, आणि ओढायला मीच दुसऱ्या टोकाला होते. गवतावरून माणूस तळ्यात कसा घसरतो? पण मला तेव्हा हाताची काळजी नाही वाटली, खोटेपणाचा राग आला. मनात आलं, हा तुझ्याकडे लपून कामाला जातो, नाहीतर आमची गिऱ्हाइकं तुझ्या पदरात टाकतो, नाहीतर सगळा धंदाच तुला देऊन मोकळा होतोय आणि मला सांगायचं धाडस होत नाही. यातलं काय खरं ते शोधायचं ठरवलं. संच विकत घेण्याचं निमित्त केलं आणि वखारीत गेले.

कर्ट काउंटरवरच होता. मी म्हटलं, "नाताळला ड्वेनला ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरचा नवा संच द्यायचाय." तो म्हणाला, "ड्वेनला? त्याच्याकडे पिवळ्या बॅटऱ्यांचा ढीग आहे. नुसती यंत्रं घ्या, निम्म्यात भागेल." मी म्हटलं, "लालही दाखव." मी धर्म बदलायला निघाल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मार्लिस, इथली माणसं एक वेळ चर्च बदलतील, बॅटरी नाही बदलत." मी म्हटलं, "तू दाखव तर."

त्यानं खोकी मांडली. एका खोक्यावर वीस व्होल्ट, शेजारच्यावर अठरा, आणि बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींच्या पोटात सारखंच. मी म्हटलं, "आयुष्यभर गणित शिकवलंय मी. हे वीस मला पटत नाहीत." तो म्हणाला, "ताजी चार्ज केली की वीस. कामाला लावली की अठरा." "म्हणजे माझ्या नवऱ्यासारखीच," मी म्हटलं. तो हसला, आणि हसणारा माणूस बोलत सुटतो. मी दोन्ही यंत्रं हात लांब करून तोलून पाहिली. डोक्यावर हात करून दिवसभर धरायचं असेल तर जड बॅटरीचा डौल काय कामाचा, हे विचारलं. ड्रिलच्या तोंडाशी आकडे लिहिलेली ती कडी असते, स्क्रू पुरता बसला की यंत्राचा जोर आपोआप सोडून देणारी, तिचं काय म्हणून विचारलं. कर्ट म्हणाला, "ती फक्त ड्रिलला. भोक पाडायचं आणि नाजूक स्क्रू बेतानं बसवायचा तर ड्रिल. जाड स्क्रू तुळईत घालायचा तर इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो आतल्या आत ठोके मारतो, जोर स्क्रूला लागतो, हाताला नाही. ड्रिलचं तसं नाही. टोकाचं बिट लाकडात अडकलं की यंत्रच फिरतं आणि मनगट पिळून काढतं. लाइललाही मी हेच सांगितलं."

एवढं बोलून तो पावत्यांची चळत नीट करायला लागला. मी विचारलं, "लाइलनं काय विचारलं होतं?" "काही नाही. मनगटाला कमीत कमी झटका देणारं कुठलं, एवढंच." "त्याच्या मनगटाला झालंय काय?" "मलाही तेच वाटलं. पण जाताना सिमेंटची पोती खांद्यावर टाकून गेला." मी काही न घेता निघाले. म्हणजे मनगट तुझं नव्हतं. मग कुणाच्या मनगटाची चौकशी करत होतास, हे कळायला गणित लागत नाही.

तरी माझा विश्वास बसेना. गाडी तशीच लिंडग्रेनच्या सुट्टीच्या कॅबिनकडे वळवली. मालक मिनियापोलिसला परत गेले आहेत आणि बर्फ पडायच्या आत डेक आणि कठडा पुरा करून द्यायचा शब्द ड्वेननं दिला आहे. शेडच्या मागे दोन ट्रकच्या चाकांचे माग होते. तुझा ट्रक रस्त्यावरून दिसू नये म्हणून तू तिथे लावतोस, हे पाहून डोकं फिरलं. या वयात गुडघ्यांवर बसून मी डेकवरचे स्क्रू पाहिले. तुम्हा दोघांचं अक्षर मला कागदावर जितकं ओळखता येतं तितकंच लाकडात येतं. ड्वेनच्या स्क्रूचं डोकं लाकडाच्या पातळीत असतं, बोट फिरवलं तरी लागत नाही. तू धसमुसळा. तुझा स्क्रू थोडा खोल जातो आणि वर वाटी पडते. पायऱ्यांजवळच्या चार फळ्या तेवढ्या ड्वेनच्या. पुढे सगळ्या वाट्याच वाट्या.

मग मी खाली शिरले. भिंतीला जोडलेली फळी पाहिली, कारण तू आमचं नाव बुडवणार असलास तर तिथेच बुडवशील. एकही खिळा नव्हता. जाड स्क्रू, वरखाली जोडीजोडीनं, सारख्या अंतरावर, प्रत्येकाखाली वायसर, आणि प्रत्येक जागी आधी पेन्सिलीची खूण. ड्वेन ज्यासाठी त्या दिवशी पहार घेऊन उभा राहिला होता, अगदी तसं. मी तिथे मातीत बराच वेळ बसून राहिले. गुडघे दुखत होते म्हणून.

घरी येऊन ड्वेनला म्हटलं, "हातमोजा काढ." म्हणाला, "थंडी आहे." "स्टोव्हपाशी?" मग काढला. मनगट सुजून अंगठ्यापर्यंत निळं झालं होतं. बिट जुन्या खिळ्यावर अडकलं, ड्रिल गर्रकन फिरलं आणि हात खांबावर आपटला, एवढं सांगायला त्याला अर्धा पॉट कॉफी लागली. "डॉक्टर?" विचारलं तर म्हणे, "हरणांच्या शिकारीचा मोसम संपू दे." "आणि लाइल?" यावर त्यानं हातमोजा पुन्हा चढवायला घेतला. तुमच्यापैकी आधी कुणी कुणाला फोन केला, ते मला अजून कळलेलं नाही, आणि दोघांपैकी कुणी सांगेल अशी आशा नाही.

मोसम संपेपर्यंत मी थांबले नाही. त्याला ड्युलुथला डॉक्टरकडे घेऊन गेले. मनगटातलं एक लहान हाड मोडलं आहे आणि मोडून बरेच दिवस झाल्यामुळे आपोआप सांधणार नाही. येत्या सोमवारी शस्त्रक्रिया. हाडात स्क्रू घालणार आहेत. तुझ्या भावानं त्या तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आधी भोक पाडून घेणार ना?" त्या म्हणाल्या, "हो तर." "आणि शेवटचे वेढे?" "हातानं. यंत्रानं नाही." तेव्हा कुठे त्यानं कागदावर सही केली, डाव्या हातानं. पण पुढचं त्याला झेपलं नाही. हात वसंतापर्यंत कामाला यायचा नाही आणि मनगटाला पीळ देणारं यंत्र त्या हातात पुन्हा कधीच द्यायचं नाही. ठोके मारणारं लहान यंत्र चालेल, तेही बेतानं. ड्रिल नाही. शिड्या विकून टाकू, असं तो घरी आल्यावर म्हणाला. तू ड्वेनला ओळखतोस. काम सुटलं तर तो खुर्चीत बसल्या बसल्या संपेल.

आता माझं ऐक. मला तुझा भरवसा नाही. तू उपकार करतोयस की धंद्यात पाय रोवतोयस, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्या फळीतले स्क्रू तुझ्या बाजूनं बोलतात, शेडमागची चाकं विरुद्ध बोलतात. मला मास्तरीणबाई म्हणून चिडवत आलास, तर मास्तरीणबाईंचं सांगणं असं की ट्रक यापुढे आमच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल असा लागला पाहिजे. कॉफी शेडमध्ये नाही, माझ्या टेबलावर. आणि स्क्रू इतके खोल घालू नकोस, वाटीत पाणी साचून गोठतं.

एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं, अंगणात गाठून ऐकवलं असतं. काल जेवताना मी ड्वेनला सरळ विचारलं, "संच घेणार आहे. कुठला घेऊ?" तो भट्टीत भाजलेल्या हॉटडिशमधले बटाटे बाजूला सारत बसला. पिवळा म्हणेल, नाहीतर काहीच घेऊ नकोस म्हणेल, असं धरून मी पाव तोडत होते. तो म्हणाला, "लाल घे." आणि थोड्या वेळानं, ताटाकडे बघतच, "लाइलच्या बॅटऱ्या चालतील." त्या वाटणीनंतर या टेबलावर तुझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्याला आणखी वाढलं. आज सकाळी जाऊन लाल संच घेतला. कर्टला तोंड उघडू दिलं नाही. सोमवारी ड्युलुथला जाताना ड्वेन तुला बोलावणार नाही, आणि तू आपण होऊन येणार नाहीस, म्हणून मी लिहिते आहे. सकाळी सहाला निघायचं आहे. मागच्या सीटवर जागा आहे. आणि मागे एकदा जमिनीवर बसून मी वाटणी केली होती, तशीच आज पुन्हा केली आहे. या वेळी तुझा वाटा टाकून जाऊ नकोस.

"तुझीच" लिहिण्याइतकी मी अजून विरघळलेले नाही.

तुझी भावजय,
मार्लिस

या पत्राबरोबर सुपूर्त केलेल्या वस्तू: लाल ड्रिल एक, दुसऱ्या हातानं धरायच्या जोडमुठीसह. त्याची नवी बॅटरी एक. आमच्याकडे ठेवलेल्या वस्तू: त्याच संचातला इम्पॅक्ट ड्रायव्हर, दुसरी बॅटरी आणि चार्जर. मिळाल्याची सही खाली करावी आणि कागद टपालानं न पाठवता घरी आणून द्यावा. शिवाय परत केली: तुझी जुनी लाल बॅटरी, एक. आमच्या नव्या लाल चार्जरवर पूर्ण चार्ज केलेली.