त्या बाईला सांग

माय, एका मालिकेनं माझं डोकं उठवलंय. ते ऐकून घेणारं इथं कुणी नाही, म्हणून तुला लिहितोय. तू दोन यत्ता शिकलीस, पण वाचायचा तुला कंटाळा. सगळं ऐकून पाठ करायचीस. तेव्हा हे तिकडं कुणाकडून तरी वाचून घे. मी हैदराबादेत आहे. टीव्हीवाल्यांचे सेट ठोकतो. प्लायवूडच्या भिंती, थर्माकोलचे खांब, कुठंच न पोचणारे जिने. सातवी नापासाला याहून बरं काय मिळणार? आधी सुरतेला सहा महिने काढले, मग पुण्यात एक हिवाळा. 'याचं बूड एका जागी टिकत नाय,' असं तू करवादायचीस, ते खरंच होतं. पण या मालिकेवर मात्र टिकलोय, आणि त्याचाच वैताग आलाय.

परदेशातला कुठलासा काळा-पांढरा सिनेमा. त्यावरून तिकडंच टीव्हीसाठी एकदा पुन्हा काढला, आता आपल्याकडं हिंदीत काढतायत. म्हणजे उष्ट्याचं उष्टं. दोघी बहिणी, एकेकाळच्या नट्या, आता केस पिकलेत. थोरली चाकाच्या खुर्चीत, माडीवर. धाकटी तिला कोंडून घालते, तिनं घंटी बडवली तरी ताट नेत नाही. का, तर चाळीस वर्षांपूर्वी पाटीवर कुणाचं नाव मोठं होतं! त्या माडीचा जिना मीच केलाय. सतरा पायऱ्या, आणि वर खोलीबिली काही नाही, नुसती एक फळी आणि तिच्यावर बसलेला लाइटवाला. काम करणाऱ्या दोन्ही बायाही उतारवयाच्याच. मधल्या वेळात थोरली मॅडम धाकटीचा पाय मांडीवर घेऊन बाम चोळत बसते. कॅमेरा लागला की दोघी एकमेकींवर थुंकतात. डायरेक्टरला तेवढ्यानं भागत नाही. 'और ज़हर चाहिए!' एकाच सीनमध्ये धाकटीनं सात वेळा दार आपटलं आणि सात वेळा माझी भिंत हलली. मी मागून खांदा लावून उभा. सातव्यांदा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साब, सगी बहनां ऐसा नहीं लड़ते."

आमचा मिस्त्री दात खाऊन म्हणाला, "तू चुप बैठ मियां, खीले मार." पण डायरेक्टरनं मला भिंतीमागून बाहेर बोलावलं. "तो कैसे लड़ते हैं?"

आणि मी शहाण्यानं सांगितलं. म्हटलं, बोलतच नाहीत. एका घरात राहतात, एका रांजणातलं पाणी पितात आणि तिसऱ्याला मध्ये घालून बोलतात.

म्हणजे तुमची दोघींची गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली. आता तू रागावशील. पण सुरुवात तर तुम्हीच केली ना चव्हाट्यावर? सरकारी कलापथक. लासूरहून जीप निघायची. एक बाजाची पेटी, एक ढोलकी, एक पडदा आणि तुम्ही दोघी बहिणी. आज देवगाव रंगारी, उद्या आणखी कुठलं गाव. कुटुंब लहान ठेवा म्हणून सांगायचं. खेळ एकच, दोन जावांचा. थोरल्या जावेला आठ लेकरं, तोंडाला काजळी, फाटकं लुगडं, काखेत चिंध्यांचं बाळ. धाकटीला दोनच लेकरं, अंगावर हिरवं जरीकाठी लुगडं, केसात अबोली, आणि शेवटचं गाणं तिचं. घरात थोरली तू, दीड वर्षानं. पण तू काटकुळी आणि मावशी अंगानं भरलेली, म्हणून पथकाच्या मास्तरांनी तुला धाकटी केलं आणि तिला थोरली. मावशी तेव्हापासून धुमसत होती. "म्या खरी धाकटी, अन् आठ लेकरं माझ्याच गळ्यात!" त्यावर तू पेटीतून शाळेचा दाखला काढायचीस. गुरुजींनी तुम्हाला एकाच दिवशी शाळेत घेतलं आणि सगळ्या गावाची लिहायचे तशी तुम्हा दोघींची जन्मतारीख लिहिली, एक जून, सालही एकच. "बघ, कागदावर आपण जुळ्या हाव. इचार गुरुजीला." स्टेजवर दोघींना धाकटी व्हायचं होतं आणि घरात दोघींना थोरलेपणाचा मान पाहिजे होता. काय करावं अशा बायांचं?

आणि मग पाचोड. मी तिथं होतो, पण तुझ्या पोटात. बाजाराचा दिवस, माणूस लोटलेलं. तू दोन बोटं वर करून म्हणतेस, "दोन लेकरं, बास!" आणि वाऱ्यानं पदर सरकतो. पाचवा महिना. दोघी ताया घरी आजीजवळ, मी तिसरा. बैलबाजाराच्या अंगानं कुणीतरी ओरडतं, "बाई, आधी सोताला सांग की!" हसता हसता लोकांचे पटके पडले म्हणतात. पुढच्या खेळाला मास्तरांनी मावशीला धाकटी केलं. मी झाल्यावर तू म्हणालीस, आता माझं काम मला दे. मावशी म्हणाली, "लोकांनी आता मला बघितलंय." मग तू लुगडं पेटीत घातलंस आणि कुलूप लावलंस. "काम घे. लुगडं माझं हाय." पुढची सगळी वर्षं मावशी उसन्या लुगड्यात धाकटी झाली आणि तू काजळी फासून आठ लेकरांची आई. चाळिशी उलटली, गुडघे वाजायला लागले तरी तेच. गावोगाव टीव्ही आला आणि कलापथक बंद पडलं, तोवर तेच. स्टेजवर एकमेकींना मिठी मारून रडायच्या आणि जीपमध्ये दोन टोकांना बसायच्या.

मावशीला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर ती आपल्यातच राहायला आली. एका भिंतीला दोन चुली, मध्ये पिठाचा डबा. मला आजही ते स्वयंपाकघर दिसतं. तू भाकरी थापतेस, दोन हातांवर मावशी भाजी ढवळते, आणि तू मला म्हणतेस, "त्या बाईला सांग, भाजीत मीठ नाय." तिनं ऐकलेलं असतं. तरी मी सांगायचं. नाही सांगितलं तर तू जेवणार नाहीस. मग ती, "तिला म्हणावं, मीठ हाय, जिभेलाच चव नाय." एकदा मी इतका कावलो की उलटंच सांगितलं, "मावशी, माय म्हणती भाजी झकास झालीय." मावशीची पळी जागीच थांबली. तू पिठाच्या हातानं माझ्या थोबाडीत दिलीस. "निरोप्यानं निरोप न्यावा. आपल्या पदरचं घालू नाय!" आणि मावशी म्हणाली, "बरं मारलं." कितीतरी वर्षांनी तुमचं एकमत झालं, आणि तेही माझ्या गालावर.

तर डायरेक्टरनं ते उचललं. आता मालिकेत थोरली मॅडम मोलकरणीला म्हणते, 'उस औरत से कह दो.' ते टीव्हीवर दिसलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून मावशीचा फोन.

"बाबा, हे तू सांगितलंस."

"व्हय."

मला वाटलं, आता शिव्या. पण ती म्हणाली, "बरी करती ती बाई. पर तुझ्या मायवानी नाय. तुझी माय सांगायची तुला, अन् बघायची माझ्याकडं." मग विचारलं तिनं, "शेवटी काय व्हतं रं? मरताना थोरली काय म्हणती?"

"अजून लिहिलं नाय त्यांनी."

"त्यांचं जाऊ दे. तुझी माय काय म्हणली? तू आत व्हतास. म्या चुलीपाशी."

मी म्हटलं, मावशी, आवाज तुटतोय, इथं रेंज नाय. आणि ठेवला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो आणि दर रविवारी माझी रेंज जाते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, टीव्ही आता नुसता ऐकते. डॉक्टर म्हणतो काळीज थकलंय. तरी विचारायचं सोडत नाही. तुझीच बहीण ती.

तू गेलीस ती दुपार. ज्वारीची कणसं खुडायला बा रानात गेला होता. तू मला पेटी उघडायला लावलीस, हिरवं लुगडं काढायला लावलंस. माझा कान ओढून पुटपुटलीस, "हे त्या बाईला दे. अन् सांग, तूच धाकटी."

माय, मला इतका वैताग आला! मरायला टेकलेली तू, ती चार पावलांवर चुलीपाशी, मध्ये नुसता एक पडदा. मी दबक्या आवाजात म्हटलं, "हाक मार की तिला." तू म्हणालीस, "तू सांग." आणि त्याचा अर्थ तरी काय लावायचा? काम तुझं, मी सोडलं, असा? का शेवटपर्यंत थोरली मीच, असा? आपल्या पदरचं घालायचं नाही, हे तूच शिकवलेलं. म्हटलं, "म्या नाय सांगणार. तुझं तू सांग." तू डोळे मिटले नाहीस. चुलीकडं बघत राहिलीस. दिवस कलायच्या आत तुझं बोलणं बंद झालं.

तेराव्याला मी लुगडं तिच्या हातात दिलं. नुसतं लुगडं. "काय म्हणली?" तिनं विचारलं. "काय नाय," मी म्हटलं. गेलेल्या बाईचं लुगडं बहिणीला देतात, त्यातलंच हे, असं ती समजली. अंगाला लावलं नाही. कापलं आणि गोधडीला लावलं. मी घर सोडलं तेव्हा तीच गोधडी माझ्या पिशवीत कोंबली. सुरतेला होती, पुण्याला होती, आता इथं आहे. तिच्यावरच बसून लिहितोय. जरीचा काठ मांडीला टोचतोय. आता तिला खरं सांगितलं तर ती आधी हेच विचारणार, मग म्या कापलं ते काय व्हतं?

आज रविवार आहे, शूटिंग बंद. हा कागद मी जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली ठोकून टाकणार आहे. सेट मोडला की भंगारात जाईल. फोन मघापासून दोनदा वाजून थांबलाय, आता तिसऱ्यांदा वाजतोय. आणि माय, तुला म्हणून सांगतो, इथं रेंज कधीच जात नाही.