साहेबांचं निव्वळ वजन

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.

आजपासून रोज लिहिणार. आज माझा अपमान झालाय आणि अपमान तारखेनिशी नोंदवलेला बरा.

लेक आली आणि आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि साहेबांना, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. निमित्त काय, तर परवा साहेब जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसले आणि उठेनात. जीभ निळसर दिसत होती म्हणे. मी तिथेच होतो. साहेब विचार करत होते.

साहेब म्हणजे आमचा पग. वय वर्षं सहा. नाव हिने, म्हणजे माझ्या बायकोने, ठेवलं, कारण तो माझ्या ऑफिसातल्या साहेबांसारखा बसल्या बसल्या घोरायचा आणि मध्येच डोळे उघडून आपण जागेच होतो असं दाखवायचा. ही गेली त्याला मे महिन्यात वर्ष होईल. तेव्हापासून घरात साहेब आणि मी. मी अगदी व्यवस्थित आहे.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांना काट्यावर ठेवलं. १२.४ किलो. म्हणाल्या, याचं वजन आठ-साडेआठ हवं. मी म्हणालो, हाडं जड आहेत. त्या म्हणाल्या, काका, हाडं हाताला लागतच नाहीयेत. मग मला मूठ वळायला लावली, शाळेतल्या पोरासारखी. मुठीच्या गाठींवरून बोट फिरवा, बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा वाळलाय. आता मूठ सोडून हात पालथा करा, अशा लागल्या तर उत्तम. आणि अंगठ्याखालच्या मांसल भागासारखं लागलं तर लठ्ठ. मी साहेबांच्या अंगावरून हात फिरवला. गादी लागली. पण चांगल्या प्रतीची गादी.

वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी, असंही म्हणाल्या. साहेबांना कंबर कधीच नव्हती. माझ्या ऑफिसातल्या साहेबांनाही नव्हती, ते सुखरूप रिटायर झाले.

मी एकतीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर काढली. ट्रक फाटकातून आत वळला की टायर बघून टन सांगायचो. आणि मला वजन शिकवतात!

बाहेर आल्यावर लेकीने निर्वाणीचं सांगितलं. सहा आठवडे देते. चौदा एप्रिलला साडेअकराच्या खाली दिसला नाही, तर बाबा, मी त्याला माझ्याकडे नेणार. उद्या जिन्यात श्वास अडकला तर तुम्ही एकटे काय कराल? मी म्हणालो, ने की खुशाल. घरी पोचेपर्यंत छातीत धडधडत होतं. तीन मजले चढल्यामुळे असणार.

४ मार्च, बुधवार. सकाळी ७.१०

काम हातात घेतलं. न्हाणीघरातला काटा काढला, पुसला. साहेब काट्यावर एकटे थांबत नाहीत, म्हणून खाणीवरची पद्धत. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, उरला तो माल. इथे गाडी मी. माल साहेब.

मी एकटा ७४.०. साहेबांना उचलून ८६.४. निव्वळ साहेब १२.४. डॉक्टरीणबाईंच्या काट्याशी तंतोतंत. रिकाम्या गाडीचं वजन एकदा घेतलं की झालं, गाडी काही रोज बदलत नाही. यापुढे दर बुधवारी फक्त भरलेली गाडी.

संकल्प: दिवसाला दोनच वाट्या, त्याही सपाट. बिस्किटं बंद. माझ्या ताटलीतलं काहीही देणे नाही. सकाळी दोन किलोमीटर चालणे.

दुपारी ४

बिस्किट एकदम बंद केल्याने शरीराला धक्का बसू शकतो. टप्प्याटप्प्याने बंद करणार.

७ मार्च, शनिवार.

व्यायाम जोरात सुरू. आज पूर्ण दोन किलोमीटर झाले. साहेब फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत उत्तम चालले. खांबापाशी बसले. पुढचं अंतर मी चाललो, त्यांना उचलून. साहेबांना मोकळी हवा भरपूर मिळाली. घरी येऊन तीनही मजले त्यांना कडेवर घेऊन चढलो, कारण डॉक्टरीणबाईंनीच जिना टाळा म्हटलंय. सूचनांचं पालन इतकं काटेकोर कोणी करत नसेल.

माझे पाय भरून आले. म्हणजे व्यायाम लागू पडतोय.

९ मार्च, सोमवार.

जेवणाच्या वेळेची जरा अडचण आहे. ही बसायची त्या खुर्चीवर आता साहेब बसतात. मी बसवलेलं नाही, ते आपण होऊन बसले आणि मी काही बोललो नाही. टेबलावर हनुवटी ठेवून माझ्याकडे बघतात. डोळे इतके मोठे की कुठेही बसलो तरी चुकत नाहीत.

असं कोणी बघत असलं की घास उतरत नाही. खरं सांगायचं तर कोणी बघत नसलं तरी उतरत नाही. पण ते वेगळं. दोन अंडी उकडली होती. त्यातलं अर्धं दिलं. मग बाकीचं अर्धं एकटं वाईट दिसायला लागलं. ब्रेडच्या कडा मला तशाही आवडत नाहीत. लोणीही मला चालत नाही, निदान आज चाललं नसतं.

हे ताटलीतलं देणं नव्हे. मी नको म्हटलेलं होतं ते.

११ मार्च, बुधवार. पहिलं वजन.

८५.९! निव्वळ साहेब ११.९! एका आठवड्यात अर्धा किलो!

यालाच म्हणतात पद्धत. डॉक्टरीणबाईंना महिनाभर लागला असता. साहेबांना हाताने चाचपलं. गादीच लागली, पण गादी आतून कमी होत असणार. आनंदाच्या भरात त्यांना एक बिस्किट दिलं. स्वतःलाही घेतलं होतं, ते शेवटी त्यांनीच खाल्लं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, अरे वा. मग विचारलं, तुम्ही काय जेवलात बाबा? विषय साहेबांचा चाललाय आणि हिचं भलतंच. आईवर गेली आहे.

१९ मार्च, गुरुवार.

कालचं वजन ८५.४. निव्वळ ११.४. साडेअकराच्या खाली! मुदतीला अजून जवळपास महिना आहे. एक छोटा विक्रम व्हायला हरकत नाही.

एक किरकोळ तक्रार. साहेबांचा पट्टा आखडलाय. मागच्या महिन्यात तिसऱ्या भोकात बसत होता, आता चौथ्यातही ओढून बसतो. चामडं जुनं झालं की आखडतं.

आणि माझी राखाडी पँट सैलावली आहे. कापड जुनं झालं की सैलावतं.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांच्याकडे पँट नेली. त्यांनी टेप माझ्या कमरेभोवती फिरवला, आकडा बघितला, पुन्हा फिरवला. म्हणाल्या, काका, दोन इंच आत घ्यावी लागेल, जेवता ना हो नीट? मी म्हणालो, कापडाचा दोष. त्या म्हणाल्या, हे कापड असं सैल पडत नाही काका, मी आयुष्यभर हेच करतेय. प्रत्येकाला आपल्या धंद्याचा गर्व असतो. मी वाद घातला नाही. साहेब तोवर त्यांच्या मशीनखालचे कपड्यांचे तुकडे हुंगत होते. त्यांच्याकडे बघून बाई म्हणाल्या, याला मात्र मानवलंय हो.

मत्सर. दुसरं काही नाही.

२५ मार्च, बुधवार.

८५.१. निव्वळ ११.१.

आलेख काढायला घेतला. चौकटीचा कागद, लाल पेन. रेघ अशी खाली उतरते की डोळ्यांचं पारणं फिटावं. हा डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर लावायला देणार. इतर मालकांना उपयोग होईल.

२९ मार्च, रविवार.

आज साहेब सोफ्यावर चढू शकले नाहीत. पुढचे दोन पाय वर ठेवून माझ्याकडे बघत राहिले, आणि श्वास करवतीसारखा घरघर करत होता. मी उचलून वर ठेवलं. सोफ्याची गादी जाड झाली असेल, असं म्हणून खाली वाकून बघितलं. तशीच होती.

मग त्यांच्या छातीवर हात ठेवून बसलो. पोट भरभर खालीवर होत होतं. घाबरलो, हे कबूल करतो. इथे कोणी वाचणार नाही म्हणून कबूल करतो. बारीक होताना कुत्र्यांना अशक्तपणा येत असेल. म्हणून थोडा पौष्टिक आहार दिला, उकडलेली कोंबडी. माझ्यासाठी आणली होती, पण गरज त्यांना जास्त.

१ एप्रिल, बुधवार.

८४.६. निव्वळ १०.६. आजची तारीख लक्षात घेऊन दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा ८४.६.

साहेबांना उचलताना कमरेत कळ आली. गंमत आहे. वजन कमी होतंय आणि उचलायला जड जातंय. हे वयाचं.

५ एप्रिल, रविवार.

लेक अचानक आली. साहेबांना पाहून म्हणाली, बाबा, हा बारीक झालाय? मी आलेख दाखवला. तिने आलेख बघितला, साहेबांना बघितलं, मला बघितलं. मग उठून फ्रिज उघडला. अंडी, लोणी, कोंबडीचा एक तुकडा. तुम्ही काय खाता? मी म्हणालो, हेच. तिने विचारलं, आणि तो? मी म्हणालो, दोन वाट्या, सपाट. यात एक शब्द खोटा नाही. दोन वाट्या सपाटच असतात. बाकीचं वाटीत नसतं.

जाताना तिने सूप करून ठेवलं. चार दिवस पुरेल म्हणाली. रात्रीपर्यंत निम्मं संपलं. साहेबांना फार आवडलं.

१३ एप्रिल, सोमवार. सकाळी.

उद्याच्या तयारीसाठी बुधवारची वाट न बघता वजन घेतलं. ८४.०. निव्वळ साहेब १०.०. बरोबर दहा!

सहा आठवड्यांत दोन किलो चारशे ग्रॅम. राखाडी पँट इस्त्री केली. बेल्टला नवं भोक पाडलं, खिळ्याने. आलेख गुंडाळून रबर लावलं. साहेबांना सांगितलं, उद्या आपली परीक्षा, पण घाबरू नका, आपण आताच पास आहोत. त्यांनी माझा हात चाटला. ते कुठेही जाणार नाहीत. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

१४ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

लिहावंसं वाटत नाही. पण पहिल्याच दिवशी ठरवलंय, रोज लिहायचं.

डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर साहेब १३.० आले.

मी म्हणालो, काटा बिघडलाय. त्या म्हणाल्या, कालच तपासलाय काका. मी म्हणालो, एकतीस वर्षं मी काट्याच्या खोलीत काढली आहेत, बिघडलेला काटा मला कळतो. काटा तपासायचा तर माहीत असलेलं वजन त्यावर ठेवायचं. माझं वजन मला माहीत आहे. चौऱ्याहत्तर. साहेबांना लेकीकडे दिलं, बूट काढले आणि त्याच काट्यावर मीच उभा राहिलो.

७१.०.

मी म्हणालो, बघा. तीन किलोने कमी दाखवतोय.

मग मीच मनात हिशेब केला. काटा तीन किलो कमी दाखवत असेल तर साहेब तेराचे नाहीत, सोळाचे. आणि काटा बरोबर असेल तर... तर रिकामी गाडी बदलली होती. सहा आठवडे मी साहेबांचं घटलेलं वजन म्हणून जे मांडत आलो, ते माझं होतं. साहेब सहाशे ग्रॅम वाढले होते.

खाणीवर ही चूक कोणी केली असती तर मी त्याला काट्याच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नसतं.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, काका, कुत्र्याचं मी बघते, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना दाखवून या. लेक जवळ आली. मला वाटलं, ओरडणार. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शर्टावरून खाली फिरवला, डॉक्टरीणबाईंनी शिकवला होता तसा. तिची बोटं मध्येच थांबली. मला कळलं तिला काय लागलं. मुठीच्या गाठी.

आलेख दाखवला नाही.

१५ एप्रिल, बुधवार.

लेक साहेबांना घेऊन गेली. म्हणाली, बाबा, तुम्हीपण चला, थोडे दिवस. मी म्हणालो, इथे पुष्कळ कामं आहेत. कोणती, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब गाडीच्या मागच्या काचेतून बघत होते. खालच्या शिवणकामवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, काका, आज माझ्याकडे जेवा. मी म्हणालो, जेवण झालंय. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

१८ एप्रिल, शनिवार.

संकल्प: रोज तीन वेळा जेवणे. एक ग्लास दूध. संध्याकाळी चालणे, पण बेताचं. लेकीला रोज फोन करून खरं काय ते सांगणे.

फोन केला. व्यवस्थित जेवलो म्हणून सांगितलं.

२२ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.१०

बुधवार. पाय आपोआप न्हाणीघराकडे वळले. उचलायला खाली वाकलो तेव्हा लक्षात आलं, खाली कोणी नाही. तसाच उभा राहिलो. ७०.४. वजा करण्यासारखं काही नव्हतं.

काल लेकीचा फोन आला होता. साहेब १२.७. तिचा नवरा त्याला मोजूनच देतो, वर काहीही नाही. आता चार पायऱ्या स्वतः चढतो आणि घोरणं कमी झालंय. मला आनंद झाला, खरंच झाला. मग तिने विचारलं, आणि तुम्ही? मी म्हणालो, उत्तम, वाढतंय.

आता नाश्ता. दोन अंडी उकडली. एक मी खाल्लं. दुसरं समोरच्या खुर्चीपुढे ठेवलंय, अजून तसंच आहे.